ओटीची गाठ ओळखणारी बाई

बायकोच्या खुनात नवऱ्याला जन्मठेप झाली की तुम्ही टाळ्या कोणासाठी वाजवता? न्यायाधीशांसाठी? पोलिसांसाठी? की भरल्या कोर्टात उभं राहून जिने खरं सांगितलं, तिच्यासाठी?

मी तीसहून अधिक वर्षं खाकी घातली. टाळ्या कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात, हे मी जवळून पाहिलं आहे. एका प्रकरणाने तर ते असं दाखवलं की निवृत्त होऊनही ते मनातून जात नाही. त्यातल्या कोणाचंही नाव मी घेणार नाही. गाव उमरखेड तालुक्यातलं, एवढं पुरे.

कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि मी तिथल्या ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला की विहिरीत बाई तरंगते आहे. आम्ही पोचलो तेव्हा विहिरीभोवती निम्मं गाव जमलं होतं. मयत त्याच गावची सून, वय पंचविशीच्या आत. नवरा बांधावर डोकं धरून बसला होता. त्याने सांगितलं, "काल सकाळी एकटीच वेचाले गेली साहेब, घरच्या वावरात. वापसच नाही आली. पाय घसरला असन."

प्रेत वर काढलं. कमरेला ओटी होती. आमच्याकडे वेचणीला जाणाऱ्या बाया जुन्या लुगड्याचं फडकं कमरेला बांधतात आणि त्याच्या पुढच्या खोळीत कापूस टाकत जातात. तीच ओटी. तिच्यात ओला कापूसही होता. म्हणजे नवऱ्याचं म्हणणं जुळत होतं.

पोलिसाने इथेच सावध व्हायचं असतं. मी नवखा असताना एका जुन्या फौजदाराने शिकवलं होतं की प्रेतावरची कोणतीही गाठ सोडायची नाही. दुसऱ्या बाजूने कापड कापायचं, गाठ आहे तशी ठेवायची, फोटो काढायचा आणि पंचांसमोर लाखबंद करायची. शिपाई म्हणाला, "साहेब, बुडून मेली, गाठीचं काय करता?" मी म्हटलं, "काप." त्याने कापलं. गाठ पाठीवर, बरोबर मणक्यावर होती. मी तसं पंचनाम्यात लिहिलं. तिचा अर्थ मात्र मला कळला नव्हता. पुरुषाची जात, मला कसा कळणार?

मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल झाला. प्रेत रात्रभर पाण्यात राहिलं होतं, म्हणून डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं. गावात तिसऱ्या दिवसापासून सगळे आपापल्या वावरात होते. प्रकरण मिटत चाललं होतं.

ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात आली. पन्नाशीची, हातात भाजीची पिशवी. त्या गावातल्या वेचणीच्या टोळीची ती म्होरकी. कोणत्या वावरात किती बाया न्यायच्या हे तीच ठरवायची, आणि शेतकरी आदल्या संध्याकाळी तिच्याच दारात येऊन काम सांगायचे. मयत सून दोन हंगाम तिच्या टोळीत वेचायला जात होती.

ती बाकावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "साहेब, त्या पोरीची ओटी तिनं नाही बांधली."

"ताई, कशावरून?"

"गाठ मांगं होती ना."

"मग?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिलीतला पोरगा आहे. "साहेब, तुमच्या घरच्या बाईनं कधी वेचलं नाही वाटते. ओटी भरली का खाली कराव लागते, दिवसातून धा डाव. गाठ डाव्या कुशीले पाह्यजे, एका हातानं ओढली का सुटली. मांगं कोन बांधन? अन् ती तं बोजाची गाठ होती. गाडीवर गाठोडं आवयते तशी. माणसाची गाठ, बाईची नाही."

आमची महिला हवालदार तिथेच होती, शेतकऱ्याची लेक. तिने स्वतःच्या कमरेवर हात नेऊन पाहिला आणि हळूच म्हणाली, "सर, खरं आहे."

मी ताईंना विचारलं की हे विहिरीपाशीच का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथं सगळी त्याचीच मानसं होती. अन् मले उद्याही त्याच गावात राहाचं हाय. तुम्ही माह्यं नाव लिहान, माहीत हाय मले. लिहा. पन मंग मांगं हटू नका."

तेव्हाच तिला किंमत माहीत होती. तरीही ती आली.

मी नवऱ्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा दिला. सुरुवातीला त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"वेचायला जाताना ओटी कोणती नेली तिने?"

"तिचीच साहेब."

"कोणी बांधून दिली का?"

"नाही. माह्या समोर बांधली तिनं. दारात उभी राहून."

"नक्की? समोर?"

"हो. मी काहून खोटं बोलू?"

तेवढा जबाब लिहून घेतला. त्यानंतर दोन पंच आणि महिला हवालदाराला घेऊन घराची झडती घेतली. दाराआडच्या खुंटीला एक निळी, विटलेली ओटी टांगलेली होती, कोपऱ्याला पिवळं ठिगळ. चार-पाच सारख्या ओट्यांत ती मिसळून आम्ही टोळीतल्या बायांना पंचांसमोर ओळखायला लावलं. एकीने क्षणात उचलली. "हे तिची हाय. ठिगळ मीच लावून देल्लं होतं दिवाळीच्या मांगं."

बाई वेचायला गेली आणि तिची ओटी घरीच राहिली. मग कमरेला होती ती कोणाची? दोन वर्षं ज्या फडक्यात बायकोने त्याच्या घरचा कापूस वेचला, ते कोणतं हेच नवऱ्याला माहीत नव्हतं. हातात येईल ते फाडलं आणि बांधलं. त्याची चूक हीच. तिच्याकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पुन्हा विचारलं तेव्हा निळी ओटी टेबलावर होती. ती पाहून तो खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. कबुलीपेक्षा मला वस्तू हवी होती. कापड कुठून फाडलं ते तो दाखवतो म्हणाला. पंचांसमोर गोठ्याच्या माळ्यावरून त्याने जुन्या लुगड्याचा उरलेला तुकडा काढून दिला. दोन्ही फाटलेल्या कडा धाग्याला धागा जुळल्या. पुढे डॉक्टरांचं अंतिम मतही आलं: गळा दाबल्याने मृत्यू.

प्रेत सापडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात ती दोघंच होती. सासू तीन वर्षांच्या नातीला घेऊन दुसऱ्या गावी गेली होती. मारहाण नेहमीची. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "उद्या मी ठाण्यात जातो."

आता मला लपवता येणार नाही असं एक. ती त्याआधी एकदा ठाण्यात येऊन गेली होती. आमच्याच. दोन महिन्यांपूर्वीची अदखलपात्र नोंद होती आणि पुढे शेरा: 'नवऱ्यास समज दिली, आपसात मिटले.' हस्ताक्षर माझं नव्हतं, पण ठाणं माझं होतं. बाई मार खाऊन येते आणि आपण तिला समजूत घालून त्याच घरात परत पाठवतो. याला मिटणं म्हणत नाहीत. त्या दिवसापासून मी असेन तिथल्या ठाण्यात तो शेरा लिहायला बंदी केली. उशिरा केली.

खटला उभा राहिला. ताईंना समजावणारे येऊन गेले. "तुह्यं काय जाते वं मधात पडाले? त्या लहान्या पोरीचा बाप तरी राहू दे." ताईंनी एकालाच उत्तर दिल्याचं मला कळलं: "तिची माय ठेवली काय तुम्ही?"

साक्षीच्या दिवशी बचावाचे वकील हसत उठले. "बाई, तुम्ही गाठींच्या तज्ज्ञ आहात का?"

"तज्ज्ञ म्हंजे काय, मले मालूम नाही साहेब. तीस वर्स झाले, रोज बांधून राह्यली."

"शिक्षण किती?"

"शाळेत नाही गेली. वावरात गेली."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी विचारलं की बांधून दाखवाल का. तिने सोबत आणलेलं फडकं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच कमरेला बांधलं. डाव्या कुशीला गाठ, एका हाताने ओढ, फडकं मोकळं. दोनदा केलं. 

वकिलांनी शेवटचा डाव टाकला. "समजा, एखादीने मागे बांधली तर?"

"तं मंग सोडाले दुसरी बाई लागन. अन् त्या दिवशी ती एकटीच होती, असं तुम्हीच म्हंता ना साहेब?"

वकील खाली बसले. माझ्या नोकरीत मी चांगल्या अधिकाऱ्यांच्या साक्षी ऐकल्या आहेत. यापेक्षा सरळ साक्ष ऐकली नाही, आणि ती ज्या प्रकरणात झाली त्याचा तपास माझ्या हातून झाला याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साध्या कपड्यांत मागच्या बाकावर बसून ऐकला. जन्मठेप. मयताच्या बापाने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. बाहेर फटाके वाजले. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर माझा जुना फोटो फिरत होता, खाली 'सलाम'. चौथ्या दिवशी गावाने माझा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर मी, माझ्यामागे वाघ. भाषणं झाली. एक जण म्हणाला, अशा नराधमाला चौकात लटकवा. टाळ्या. मी समोरच्या खुर्च्या पाहत होतो. ताई कुठेच नव्हती.

शेजारच्या पुढाऱ्याला विचारलं. तो कानाशी वाकला. "साहेब, तिचं नाव इथं नका काढू. लोकं नाराज हायेत तिच्यावर. घर फोडलं म्हंते."

घर कोणी फोडलं? ज्याने गळा दाबला त्याने, की जिने गाठ ओळखली तिने? मी हे माइकवर विचारलं. त्या मांडवात तेव्हा टाळी वाजली नाही. शाल टेबलावर ठेवून मी तिच्या घरी गेलो.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. हंगाम भरात असताना ही बाई दुपारची घरी कशी, ते विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"साक्ष देल्ली तवापासून कोनी सांगाले येत नाही साहेब. दोन हंगाम झाले. टोळी दुसरीकडे गेली. मी पलीकडच्या गावात जातो कधी कधी, रोज नाही जमत."

"पस्तावा होतो का ताई?"

"कायले? खरं होतं ते सांगतलं." मग थोडी हसली. "तुमचा सत्कार झाला म्हंते. वाघ काढला म्हंते मांगं. चांगला दिसते का?"

"वाघ चांगला आहे. मी तेवढा नाही. ताई, तुमचाही सत्कार करायला लावतो. शाल, नारळ, सगळं."

"शाल घालून वेचाले जाऊ काय मी? तुमचा शब्द मानत असन कोनी, तं एक करा. मले काम सांगाले लावा."

सत्काराचा अध्यक्ष तीस एकरांचा धनी होता. मी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने घरच्यांकडे बोट दाखवलं, घरच्यांनी गावाकडे. मी म्हटलं, "माझा फ्लेक्स उतरवा आणि तिला काम सांगा. नाहीतर तुमच्या टाळ्या मला नकोत." तो आत निघून गेला. पण संध्याकाळी त्याची सून सासऱ्याला न विचारता ताईंच्या अंगणात जाऊन आली. "मावशी, उद्या आमच्या वावरात. बाया तुम्हीच आना." दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर चौघी निघाल्या. त्यातली एक त्या कैद्याची चुलत भावजय. चौघींच्याही गाठी डाव्या कुशीला होत्या. मी नकळत पाहून घेतलं.

टोळी अजून निम्मीच आहे.

गुन्हा पोलीस सिद्ध करत नाहीत, गावात राहून खरं बोलणारा माणूस करतो. आम्ही त्याचं बोलणं कागदावर उतरवतो. निकालानंतर आम्ही बदलीवर किंवा घरी जातो. तो माणूस तिथेच राहतो, आणि त्याची शिक्षा तेव्हा सुरू होते. ती शिक्षा कोणतंही कोर्ट देत नाही. ती तुम्ही देता.

म्हणून एकच मागतो. तुमच्या गावात, वस्तीत, नात्यात अशी साक्ष दिलेली कोणी असेल, तर निकालाचा फोटो पुढे पाठवू नका. उद्या संध्याकाळी कामाला बाया सांगायला निघाल, तेव्हा पहिलं तिच्या दारात जा.