ताईंनी गंगाला विचारलं

शकुंतलाताई बिराजदार यांची नि माझी पहिली भेट लातूरला, त्यांच्या दिव्यांग केंद्रातल्या नोकरीच्या मुलाखतीत झाली. माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "तुमी सकाळी आधी चहा घेता का आधी आंघोळ?"

"चहा."

"आन् ते रोज दुसऱ्यानंच ठरवलं तर?"

मी प्रमाणपत्रं पुन्हा पुढे सरकवली. तरी त्यांनी मला व्यवस्थापक नेमलं. का, ते अजूनही उमगलेलं नाही.

केंद्र ताईंनीच उभारलेलं. एका घंटेला सगळे उठत, एका घंटेला जेवत. पाहुणे शिस्तीची वाखाणणी करत. एके दिवशी ताईंनी ती घंटाच काढून ठेवली आणि एकेकाजवळ बसून विचारू लागल्या, "तुला कसं राहायचंय?" आम्ही कर्मचारी पार गोंधळलो. स्वयंपाक कधी करायचा, उठवायचं कुणाला, काहीच कळेना.

नायगावची गंगा चाकाच्या खुर्चीवर असे. बोलणं तुटक, पण स्पष्ट. ती म्हणाली, "मला... माझी खोली पायजे. केंद्राच्या भाईर."

तिचा भाऊ तणतणत आला. "ताई, बहिणीला उघड्यावर टाकून राहिलात का? लोक काय म्हणतील?"

"मला नगा इचारू. तिलाच इचारा," ताई शांतपणे म्हणाल्या.

"मी... जाणार," गंगा म्हणाली. भाऊ खाली मान घालून बसला. ताईंनी स्वतः त्याला पाणी दिलं, जेवायला थांबवून घेतलं.

केंद्राजवळच तळमजल्यावर खोली मिळाली. मदतनीस बाई गंगानेच निवडली. तिने कधी यायचं, तेही गंगाच ठरवी. ही सेवा की हात झटकणं, मला ठरवता येईना. रात्री ती पडली तर? काळजीने एका सकाळी न कळवताच गेलो. दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोन?"

"मी, सर."

"आज न्हाई. उद्या... या."

दारातच उभं राहून मी ताईंना फोन लावला. "ताई, गंगा दार उघडत नाही! आता काय करू?"

ताई खळखळून हसल्या. "करायचं काय? उद्या जा."

परतताना ध्यानात आलं, आमच्या केंद्रात एकाही खोलीला आतून कडी नव्हती.

ताई पंचाहत्तरीत पाऊल टाकत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्यासारख्यांना गोंधळात टाकण्याची त्यांची उमेद कधी न सरो. उद्यापासून खोल्यांना कड्या बसवायला सुतार येतो आहे.