शुक्रवारचे फरक

लूर्डस आंटींच्या नजरेबद्दल मी जे लिहून दिलं ते खोटं होतं, हे आधीच सांगून टाकते.

आमची प्रयोगशाळा गोरेगावात. उंदराच्या मेंदूचा पातळ काप जिवंत ठेवायचा, त्यातल्या एका पेशीला बारीक काचेची नळी लावायची आणि तिच्यातल्या विजेचा आलेख नोंदवायचा. कोणी डिवचलं नाही तरी शेजारची पेशी मधूनच आपणहून तिला इशारा देते, आणि आलेखात एवढीशी खाच पडते. त्या खाचा मोजायच्या, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आलेख मुळातच थरथरत असतो, त्यामुळे खाच कुठली आणि नुसती थरथर कुठली, यावरून डोकं पिकतं.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. एकच रेकॉर्डिंग दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींच्या खुणा बघायच्या नाहीत. शुक्रवारी जेवणानंतर शेजारी बसून फरक काढायचे, भांडायचं आणि एक यादी ठरवायची. एक आंटी, दुसरी मी, श्वेता. मुलुंडची, तोंडाने फटकळ. आंटी गोराईच्या, बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला यायच्या, पुढे बसने. वय अठ्ठावन्न. नवरा झेवियर चार वर्षांपूर्वी गेला, मुलगा ब्रेंडन कॅनडात. शुक्रवारी डब्यात फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळून आणायच्या. तास-दीड तास आमची जुंपायची आणि बहुतेक वेळा मी जिंकायचे. "बरोबर गं तुझं," म्हणून त्या खूण करायच्या. मला त्याचा माज होता, नाही कशाला म्हणू?

यंदा प्रयोगशाळेच्या प्रमुख माधुरी मॅडमनी मला खाचा मोजणारं सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं. तीन होती. एक ठरावीक मापापेक्षा खोल गेलेलं सगळं मोजणारं, एक आपण दिलेल्या नमुन्याशी जुळवून बघणारं, आणि एक आमच्याच ठरलेल्या याद्यांवरून शिकलेलं. दुसऱ्या माणसाइतकं अचूक निघालं तर ते घ्यायचं, मग दुसरं माणूस नको. आंटींचं कंत्राट मार्चला संपत होतं.

मी चाळीस जुनी रेकॉर्डिंग तिन्हींना दिली आणि त्यांच्या खुणा, शिवाय आंटींच्या मूळ खुणा, ठरलेल्या याद्यांशी ताडून पाहिल्या. शिकलेलं पहिलं आलं, आंटींच्याही पुढे. पण आंटींच्या सुटलेल्या खाचा बघून मी चक्रावले. बारीकातली बारीक खाच त्यांनी अचूक धरली होती, आणि शिकाऊ पोरीलाही दिसेल अशा मोठ्या सोडल्या होत्या. दर रेकॉर्डिंगमध्ये आठ-दहा.

"आंटी, डोळे तपासलेत का हल्ली?" मी विचारलं.

"डोळ्यांना काय झालंय?"

मी स्क्रीन दाखवला.

"दिसतात गं मला. मी सोडते."

"सोडता म्हणजे?"

"तू नवीन होतीस तेव्हा साठ-सत्तर फरक निघायचे. मग तुझा हात बसला, पाचच निघायला लागले. दहा मिनिटांत तू मोबाइल घेऊन उठायचीस. म्हणून मी थोड्या सोडायला लागले. यादी शेवटी बरोबरच व्हायची ना?" मग म्हणाल्या, "बोटीत 'जरा सरका' म्हणते, तेवढंच माझं बोलणं. ब्रेंडनचा फोन रविवारी, तो पण घाईत."

मला लाज वाटली. रागही आला. इतकी वर्षं जे जिंकत होते ते सगळं मला आयतं वाढलेलं होतं.

"मॅडमना काय सांगू?"

"डोळे गेले म्हण. लबाडी केली म्हणू नकोस."

खरं सांगितलं तरी, खोटं सांगितलं तरी नोकरी जातच होती. निदान नाव तरी राहू दे, म्हणून मी तसंच लिहिलं. मॅडमनी टक्केवारी बघितली आणि सही केली.

मार्चचा शेवटचा शुक्रवार. आंटींनी मोजलेलं शेवटचं रेकॉर्डिंग, दोनशे अकरा खाचा. फरक फक्त तीन निघाले आणि तिन्ही माझ्या चुका. दोन मी मुकाट्याने मान्य केल्या. तिसरी खाच समोर धडधडीत दिसत होती, तरी मी अडून बसले.

"ही नुसती थरथर आहे, आंटी. मी नाही मानत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आहे गं ती," म्हणाल्या, आणि बोटीची वेळ झाली म्हणून उठल्या.