लांडग्याचा रंग

वाद घालायची खोड मला नागपूरहूनच लागलेली. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला येऊन सोळा वर्षं झाली तरी सुटलेली नाही. त्या खोडीपायी मी माझ्या मुलीची आजी घालवायला निघाले होते.

आजी म्हणजे आमच्या खालच्या अपार्टमेंटमधली जपानी बाई. सत्तरीकडे झुकलेली, एकटी, मोजकं बोलणारी. मी आणि नवरा दोघंही ऑफिसात, म्हणून शाळा सुटली की मुलीला तीच घेऊन यायची. मुलीनेच तिला आज्जी करून टाकलं होतं.

त्या गुरुवारी ती मुलीला सोडायला वर आली, तेव्हा माझ्या टॅबलेटवर लहानपणीची एक कार्टून मालिका चालू होती. जंगल, लांडगे, अस्वल, वाघ. इंटरनेटवरची ती जुनी प्रत इतकी फिकट, की सगळे प्राणी जुन्या फडक्याच्या रंगाचे दिसत होते. आजी दारातच थबकली. ही मालिका आपल्याला माहीत आहे, म्हणाली.

झालं. मी तिला बसवून घेतलं आणि सुरू झाले. रविवारी सकाळी ही लागली की आमची अख्खी गल्ली टीव्हीसमोर. जंगल आमचं, नागपूरहून दोन-तीन तासांवर, आमच्या शाळेची ट्रिप गेली होती तिथे. बोलणं हिंदीत, गाणं हिंदीत. बनवली असणार मुंबईत, नाहीतर मद्रासला. हे सगळं मी इतक्या ठसक्यात सांगितलं, जणू ती मालिका माझ्या सख्ख्या मामाने काढली होती.

तिने एकच विचारलं. तुम्ही पाहायचात तेव्हा लांडगा निळसर दिसायचा का?

"हो तर. अगदी निळसर," मी ठोकून दिलं.

तिने मान लववली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, सोमवारपासून मुलीला सांभाळणं जमणार नाही. कारण काही नाही. मी म्हटलं, गुडघे दुखत असतील. तेव्हा मुलगी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आई, शी पेंटेड द वुल्फ. अँड यू टोल्ड हर इंडियन पीपल मेड इट."

मग मुलीकडूनच एकेक कळत गेलं. आजी तरुणपणी टोकियोच्या एका स्टुडिओत पारदर्शक शीटवरच्या प्राण्यांमध्ये रंग भरायची. एकेका हालचालीसाठी ढीगभर शीट. रंग भरणाऱ्या अनेक जणी होत्या, त्यामुळे तिचं नाव पडद्यावर कधीच आलं नाही. मालिका पुढे देशोदेशी गेली, आमच्याकडे हिंदीत आली, आणि आम्ही ती आमची म्हणून बसलो. तिचं काम मी तिच्याच तोंडावर मुंबईच्या नावावर करून टाकलं होतं. माझे कान तापले.

शनिवारभर मुलगी माझ्याशी बोलली नाही. रविवारी सकाळी मी तिला घेऊन खाली गेले. हातात काही नेलं नाही, पोह्यांचा डबा नेला असता तर लाच वाटली असती.

आजीने दार अर्धंच उघडलं. मी माफी मागितली. चूक समजण्यासारखी आहे, ती शांतपणे म्हणाली, पण दारातून हलली नाही. तिथूनच परतता आलं असतं. पण ते निळसर मला टोचत होतं. सांगितलं तर हे दार कायमचं बंद होईल याची भीती वाटत होती, आणि मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

"लांडगा निळसर दिसायचा, हे मी खोटं बोलले," मी म्हटलं. "आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता."

तिने विचारलं,

"मग तुम्हाला तो कुठल्या रंगाचा वाटायचा?"

"तपकिरी. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा."

"तो निळा जमेपर्यंत मी किती वेळा रंग कालवला," ती म्हणाली, "आणि तुम्ही तपकिरी."

ती आत निघून गेली. दार उघडंच होतं. आत जावं की परत फिरावं, कळेना. ती आली ती एक पारदर्शक शीट घेऊन, आणि तिने ती बाहेरच्या उन्हात उंच धरली.

लांडगा निळा होता. दिवेलागणीच्या वेळी आभाळ असतं तसा. तीस वर्षं ज्याच्याबद्दल मी बढाया मारल्या, त्याला मी आत्ता पहिल्यांदा पाहत होते.

तिने शीट मुलीच्या हातात दिली. कडेनेच धर, म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या तीन वाजता मी शाळेत जाईन."

मला रडू येत होतं, आणि डोळ्यांतल्या पाण्यात तो निळा पुन्हा दिसेनासा झाला.