टिपाडाचं छिद्र

ओल्या साबणाच्या वडीचा वास आला की लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचं ते दुष्काळाचं वर्ष आठवतं. मी नव्या कचेरीत कारकून होतो आणि नेमबाजीचं वेड नुकतंच लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी परसाच्या भिंतीवर खडूचे तुकडे मांडून छऱ्याच्या बंदुकीनं उडवायचो. एका दुपारी नेम चुकला, भिंतीपलीकडं पत्रा टणकन वाजला आणि मी बंदूक खाटेखाली सारली. थोड्या वेळानं शेजारच्या म्हाताऱ्या चाची दारात आल्या. सकाळीच टँकरवरून भरलेलं त्यांचं टिपाड गळत होतं आणि पुढचा टँकर चार दिवसांनी यायचा होता. "पत्रा गंजला जी. तुमची नजर लई बारीक हाय, छेद कुठं हाय तेवढं बघा." मी गेलो. ज्वारीच्या दाण्याएवढं गोल छिद्र होतं, गंजाचं नव्हतंच. त्यात साबण दाबून भरला. खालची माती पाणी पिऊन काळी झाली होती. तळाशी उरलेल्यातून चाचींनी पेला भरला. "उन्हात आलाव, घ्या." आज घरात माझी पदकं टांगलीत, पाहुणे माझ्या नेमाचं कौतुक करतात. तो पेला मी नको म्हणालो नाही. थेंबही न ठेवता प्यायलो.