सिस्टर आणि आयर्लंडची मुलाखत

राहात्याच्या आसपास गेल्या वीस वर्षांत जन्मलेली निम्मी बाळं आमच्या शेजारच्या सिस्टरांनी रडवलेली आहेत, आणि त्यांना विचारलंत तर एकही नाही. सिस्टर एका लहानशा खाजगी हॉस्पिटलात नर्स. केलेल्या कामाचं श्रेय अंगाला शिवू द्यायचं नाही, हे त्यांचं सोवळं. नाताळात त्यांच्या करंज्यांची तारीफ करावी, तर "सारण जाऊबाईंचं हाय." माझं ब्लडप्रेशर मोजतील, आकडा विचारला की "डॉक्टर सांगतील," आणि जाताना आमची लोणच्याची बरणी उचलून घेऊन जातील. अशा तीन बरण्या आजवर गेल्या. त्याही डॉक्टरांनीच नेल्या, असं सांगायला त्या कमी करणार नाहीत.

अशा बाईच्या डोक्यात आयर्लंड शिरलं. "तिथं नर्सच्या सहीला किंमत हाय म्हनं, गुरुजी," हे त्यांनी मला एखादी चोरी कबूल करावी तसं सांगितलं. कागदपत्रं झाली, इंग्रजीची परीक्षा झाली. घोडं अडलं ते लायसनआधीच्या व्हिडिओ मुलाखतीत. पहिल्या वेळी प्रत्येक प्रश्नाला "डॉक्टरांना बोलावीन" म्हणून सिस्टर नापास होऊन आल्या. आता दुसरी संधी, तीच शेवटची. मी रिटायर्ड मास्तर; महिनाभर त्यांच्याकडून "मी केलं" एवढे दोन शब्द घोकून घेत होतो. त्या म्हणायच्या, "मी केलं." आणि लगेच, "म्हंजे, डॉक्टर हुतेच."

मुलाखत आमच्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर झाली. मी दाराआड घामाघूम. पलीकडच्या बाईंनी विचारलं, बाळ जन्मलं, पण श्वास घेत नाही, काय कराल?

"डॉक्टरांना बोलावीन."

बाई म्हणाल्या, डॉक्टर बाहेर गेलेत.

"फोन करीन."

लागत नाही.

पलीकडे बाई मान खाली घालून काहीतरी लिहू लागल्या. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात सिस्टरांनी खुर्चीवरची उशी ओढून टेबलावर घेतली, पदराने ती खसाखसा पुसली, तिची नसलेली मान सरळ केली आणि साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "डॉक्टर येईपर्यंत बाळ थांबत नाही. मी करते. दर वेळी मीच करते." मग काय काय करते ते हातांनी दाखवत राहिल्या, बाईंनी पुरे म्हणेपर्यंत.

आठवड्याभराने पास झाल्याचा मेल आला. मी पेढे आणायला उठलो. सिस्टर बसूनच राहिल्या.

"गुरुजी, जरा लिहून घ्या. बाळांच्या खोलीतला ऑक्सिजनचा नळ आधी आत दाबायचा, मग फिरवायचा. न्हाईतर अडकतो. डॉक्टरांना म्हाईत न्हाई."

मी वही घेतली. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि आमच्या गावाची काळजी. पाच पानं भरली, तरी डॉक्टरांना माहीत नसलेलं संपेना.