बद्द आवाज

"मालकासमोर बापाला खोटं पाडलंस! लाज नाही वाटली?" रोशनआराने भाताचं पातेलं आदळलं.

"पत्रा सडलेला होता, अम्मा. मग गप्प बसू?" नाझनीन म्हणाली.

सादेकुलचा हात ताटातच थांबला होता. चितगावच्या बंदरात अठ्ठावीस वर्षं तो जहाजं तपासत आला होता, आणि आता मुलगी त्याच्या हाताखाली तेच शिकत होती. पत्र्यावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. धड लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आज त्याने ठीक म्हटलेल्या पत्र्यावर तिने पुन्हा हातोडी मारली, तर हातोडीच आरपार गेली.

"अब्बा, तो आवाज तुम्हाला ऐकूच आला नाही ना?"

"तोंड आवर! लायसन जाईल त्यांचं," रोशनआरा खेकसली.

सादेकुलला मागच्या महिन्यातलं जहाज आठवलं. तेही त्याने याच कानांनी पास केलं होतं, आणि तेरा खलाशी घेऊन ते आज भर समुद्रात होतं.

तो ताटावरून उठला.

"वर्षभर मला धड ऐकू येत नाहीये. ते जहाज माघारी बोलवा म्हणून बंदराच्या कचेरीत सांगायला आत्ताच निघालोय. लायसनही तिथेच देऊन येतो."