भिंतींचा ताप मोजताना

आमच्या कामात आकडे रिपोर्टात जातात आणि किस्से चहावर निघतात. रिपोर्ट कुणी वाचो न वाचो, किस्से मात्र सगळ्यांना पाठ! मी आणि कल्पना मॅडम, आम्ही दोघं लातूर-नांदेड भागात इमारती तपासतो. ऊन कुठून आत शिरतं, वीज कुठं वाया जाते, ते मोजायचं आणि उपाय सांगायचा.

*

नांदेडला एका कापड दुकानात मॅडमनी उष्णता दाखवणारा कॅमेरा फिरवला. भिंत निळी आणि मधे शेठजी लालभडक!

शेठजी स्क्रीन बघून हरखले. "याचा फोटो द्या मला. बायकोचं खरं निघालं, मी लई तापट हाय!"

*

एका ऑफिसात रिकाम्या केबिनमध्ये पंखा, दिवे, एसी, सगळं चालू.

"साहेब कुठंयत?"

शिपाई म्हणाला, "रजेवर. पण हायेत असं वाटाय पाहिजे ना!"

*

लातूरचा एक क्लास. बाहेर मे महिना, आत पोरं स्वेटर घालून! एसी अठरावर. सर म्हणाले, "झोप येऊ नये म्हणून."

आम्ही एसी सव्वीसवर आणला, जोडीला पंखे लावले. आठवड्यानं सरांचा फोन, "पोरं प्रश्न विचारायलीत!"

"मग चांगलंय की!"

"काय चांगलंय? आधी नुसते दात वाजायचे. आता उत्तरं द्यावी लागतेत!"

*

शिरूर अनंतपाळला एका घरात एसी घ्यायचं चाललेलं. खोलीत जीव गुदमरायचा. मॅडमनी भिंतीला लागलेलं कपाट सरकवायला लावलं, तर मागं ही मोठी खिडकी! उघडताच वारं भणाणत आत आलं.

सून म्हणाली, "लग्नात आलेलं कपाट हाय माझं. इथं ठेवलं कुणी?"

सासऱ्यांनी टोपी नीट केली. "तवा हिवाळा होता."

*

लोह्याजवळच्या एका गावात अंगणवाडीचे पत्रे दुपारी असे तापायचे, की सेविका कुसुमताई लेकरांना घेऊन कडुलिंबाखाली बसायच्या. लेकरं घामोळ्यांनी रडकुंडीला यायची. आम्ही सुचवलं, पत्र्यावर पांढरा रंग द्या. सरपंच हसले. "रंगानं कुठं ऊन कमी होतंय? पावडर लावून ताप उतरतो व्हय?" ताई मात्र अडून बसल्या. शेवटी रंग लागला.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही परत मोजायला गेलो. लिंबाखाली कुणीच नाही, दार लोटलेलं. अंगणवाडी बंद पडली की काय?

मी दार हळूच उघडलं. कुसुमताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आत ओळीनं लेकरं गाढ झोपलेली. आणि ओळीच्या शेवटी, तोंडावर रुमाल टाकून, सरपंच!

ताई कुजबुजल्या,

"पाहणी करायलेत."